कोरडी फोडणी

सारानं पत्रात एकच गोष्ट विचारली होती, आणि शांतवन मास्तरांनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र आलं तेव्हा काष्टीच्या शिवारात ज्वारी हुरड्यावर होती. आता ती कापून खळ्यावर येऊन पडली होती, तरी पत्र मास्तरांच्या कोटाच्या आतल्या खिशात तसंच होतं. घडीवर कागद फाटायला आला होता. उघडायची गरज नव्हती, मजकूर त्यांना पाठ होता.

"तीर्थरूप बाबांस साराचा सलाम. मला दिवस गेल्याचं ह्यांनी कळवलंच आहे. हल्ली दिवस मावळला की मला दिसेनासं होतं. दिवा लावला तरी भोवती सगळं काळंच. परवा चुलीपुढं हात भाजला. इथल्या दवाखान्यातल्या बाई म्हणतात, तूप, लोणी, दूध खा. त्यांनी माशाच्या तेलाची बाटलीही दिली आहे. ती मी फळीवर ठेवली आहे. माशाचं तेल हेही तेलच ना, बाबा? तुम्ही म्हणाल तसं करीन. उत्तराची वाट पाहते."

उत्तर लिहायला मास्तर बसले नव्हते असं नाही. शाळा सुटल्यावर, पोरं गेल्यावर ते टेबलाशी बसत, दौतीत टाक बुडवत आणि लिहीत, "चि. सारा, बाईंनी सांगितलं ते बरोबर असेल. परंतु." त्या 'परंतु'पाशी टाक थांबे. मग ते उठून फळीवरचं आरोग्यावरचं जुनं पुस्तक काढत. त्यात एका पानावर स्निग्ध पदार्थ शरीराला बळ देतात असं होतं आणि पुढच्या एका पानावर ते पचायला जड, म्हणून जपून खावेत असं होतं. दोन्ही पानं खरी वाटत. छापलेलं सगळंच मास्तरांना खरं वाटे. फक्त स्वतःचं मत तेवढं खरं वाटत नसे. कागद फाडून ते चुलीत घालत आणि मनाशी म्हणत, उद्या लिहू, जरा खात्री करून लिहू.

आणि त्या 'परंतु'च्या मागं एलिझाबेथ उभी असे.

लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. एलिझाबेथला, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कळ उठायची. ती पाठीत, खांद्यापर्यंत जायची. घाम फुटायचा, ओकारी व्हायची. मास्तर तिला नगरला मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या लिडियाबाई डॉक्टरीण फार बोलणाऱ्या नव्हत्या, पण मास्तरांना त्यांनी नीट समजावलं. यकृतात पित्त तयार होतं आणि एका लहानशा पिशवीत साठून राहतं. तेलकट, तुपकट पोटात गेलं की ते पचवायला ती पिशवी आवळते आणि पित्त सोडते. हिच्या पिशवीत खडे झाले आहेत. पिशवी आवळली की खडा तोंडाशी येऊन अडकतो. म्हणून तूप, लोणी, तळण, मटणावरची चरबी, सगळं बंद. मास्तरांनी हे शब्दन् शब्द कागदावर उतरून घेतलं. शाळेत तपासणीस साहेब बोलायचे ते उतरून घ्यायची त्यांची सवयच होती.

पावसाळाभर एलिझाबेथनं पथ्य पाळलं. कळ थांबली. अंगावर थोडं मांसही आलं. नाताळला ख्रिस्ती आळीत बोकड पडला, करंज्या तळल्या गेल्या. मास्तर म्हणाले, "तू नको."

"आता कुठं दुखतंय?" ती हसून म्हणाली. "इतक्या महिन्यांत एकदा तरी दुखलं का? बरी झाले मी."

दुखत नाही म्हणजे खडा गेला असं नव्हे, हे मास्तरांना कळत होतं, पण सणाच्या दिवशी बायकोशी वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुपारच्या उपासनेला ती देवळात बसली ती वाकूनच उठली. मग हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळे झाले. नगरला नेईपर्यंत ती ओळखेनाशी झाली होती. नवं वर्ष तिनं पाहिलं नाही.

दवाखान्यात, आईच्या खाटेशी, मास्तरांनी साराचा हात धरला. सारा तेव्हा परकर नेसायची. ते म्हणाले, "बोल, तेल-तूप तोंडात घालणार नाही."

"नाही घालणार, बाबा."

शपथ वाहू नये, माणसाचा शब्दच पुरे असला पाहिजे, हे मास्तरच रविवारच्या शाळेत पोरांना शिकवायचे. साराही त्याच पोरांत बसायची. म्हणून तिनं शपथ घेतली नाही. शब्द दिला. शपथेपेक्षा तो जड निघाला.

त्या दिवसापासून मास्तरांच्या घरात तेलाची बरणी पालथी झाली. भाजी पाण्यावर शिजे. वरणाला फोडणी द्यायची तर जिरं तव्यावर कोरडंच भाजून वर टाकायचं. शेजारी दगडाबाई राहायची. दोन म्हशींवर तिचा संसार चाले आणि आठवडी बाजारात ती लोणी विकायची. आधी आधी ती केळीच्या पानावर लोण्याचा गोळा मास्तरांच्या दारात ठेवायची. मास्तर तो तसाच परत नेऊन द्यायचे, न बोलता, मान खाली घालून.

"मास्तर," ती एकदा म्हणाली, "तुमची मांजर सुदीक आता माझ्याकडंच ऱ्हाती. तिला मी ठिवून घेऊ का, का तिलाबी शबूद द्यायला लावलाय?"

मास्तर लाजून हसले होते. पोरगी वाळत चालली आहे हे दगडाबाईनं बोलून दाखवलं, तेव्हा मात्र हसले नव्हते.

सारा मोठी झाली. तिचं लग्न बेलापूर रोड स्टेशनाकडच्या डेव्हिडशी झालं. तो साखर कारखान्यात कामाला होता. त्या पेठेला आता लोक श्रीरामपूर म्हणू लागले होते. मास्तरांनी सासरी काही सांगितलं नाही. सारानंच सांगितलं. साखरेच्या मुलखात, उसाच्या मळ्यांच्या कडेला, जिथं सणाला पोळीवर तुपाची धार धरतात, तिथं ती कोरडी भाकरी खात राहिली.

*

बाजाराचा दिवस होता. जनावरांच्या धुळीनं अख्खी काष्टी मळकट झाली होती. मास्तर नुकते जेवायला बसणार, तोच दारात एक बाई येऊन उभी राहिली. स्टेशनपासून उन्हातून चालत आल्यानं तिचं तोंड तांबडं झालं होतं. ती साराची सासू, साळूबाई.

"सलाम, मास्तर."

"सलाम, विहीणबाई. या, या. एकट्याच? डेव्हिड कसा आहे? सारा..."

"आधी पानी द्या."

मास्तरांनी तांब्या दिला. ती बसली. त्यांनी दुसरं ताट घेतलं, भाकरी वाढली, वाटीत वरण घातलं. तिनं एक घास वरणात बुडवून तोंडात घातला आणि चावायची थांबली.

"ह्ये काय?"

"वरण."

"फोडनी?"

"जिरं आहे भाजून."

साळूबाईनं ताट सरकवलं. "आमच्यात मयताच्या घरी असं खात्यात, मास्तर. बिनफोडनीचं. ख्रिस्ती झालो तरी आमच्या सासूनं त्ये सोडलं न्हवतं. पन तीन-चार दिसांनी आळीतली मान्सं येत्यात, चुलीवर तेल चढवत्यात, फोडनीचा वास घरात फिरला की सुतक फिटलं. तुमचं फिटलंच न्हाई की."

मास्तर ताटाकडं पाहत राहिले.

"पोर पडली," साळूबाई म्हणाली.

"कोण?"

"कोन म्हून काय इचारता? तुमची पोर. दिवेलागनीला गवऱ्या आनाया परड्यात गेल्ती. मी म्हनलं हुतं, जाऊ नगंस, तुला दिसत न्हाई. तर म्हनली, आत्याबाई, पायवाट पाठ हाय मला. वासराचं दावं आडवं पडल्यालं. पाठ असून काय हुतंय? पोटावर पडली दगडी गव्हानीवर."

मास्तरांचा हात आपोआप कोटाच्या खिशाकडं गेला.

"मुलगा हुता," साळूबाई म्हणाली. तिचा आवाज फुटला नाही. तो फुटून झालेला होता. "रडलाच न्हाई. डेव्हिडनं साबनाच्या खोक्यात घालून न्ह्येला. आमच्या पाळकांनी परार्थना केली, पन नाव न्हाई ठिवता आलं."

बाहेर बैल हाकणाऱ्यांचा आरडाओरडा चालला होता.

"सारा कशी आहे?" अखेर त्यांनी विचारलं.

"पडून हाय. रगत लई गेलंय. डोळ्याचं तसंच. बाई म्हनत्यात, असंच चाललं तर दिवसाचंबी जाईल, आन् पोरगीबी जाईल. मी शिरा केला, तूप घालून. तोंड फिरवलं. चोरून कालवनात तेल घातलं, तर वासानंच कळलं, वकली. मंग मला धरून रडली. म्हनली, आत्याबाई, मला खोटं पाडू नका, बाबांचं उत्तर यिऊ द्या." साळूबाईनं मास्तरांकडं रोखून पाहिलं. "रोज टपालवाला आला की इचारती. रोज. कुठं हाय त्ये उत्तर?"

"तिच्या आईला जे झालं..." मास्तर पुटपुटले. "तोच रोग तिला असला तर? मी खा म्हणालो आणि..."

"म्हून गप बसलात?"

"खात्री करत होतो."

"मास्तर, शाळंत तुमी पोराला इचारता, आन् पोरगं गप बसलं तर छडी मारता. तुमाला कुनी मारायची?"

साळूबाई उठली, पदर खोचला. "चला माझ्यासंगं. गाडी हाय दुपारची."

"मी... मी आधी नगरला डॉक्टरीणबाईंना विचारतो. त्यांना विचारल्याशिवाय मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"इचारा. सगळ्या मुलखाला इचारा. तवर पोर जगली तर कळवा," ती म्हणाली आणि सलाम न करता निघून गेली.

दगडाबाई कुडापलीकडं लोण्याची रिकामी मडकी धूत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ऐकलं नाही असं तिनं दाखवलंही नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "माझी रेडी मेली तवा मी म्हशीला वैरन बंद न्हाई केली."

एवढंच बोलून ती मडकी घेऊन आत गेली.

*

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारच्या शाळेला मास्तर पहिल्यांदाच गेले नाहीत. पहाटेच्या गाडीनं ते नगरला उतरले. लिडियाबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि जाड भिंगांतून पाहत होत्या. उपासनेहून परत येऊन त्या वऱ्हांड्यात हात धूत होत्या.

"शांतवन मास्तर. एलिझाबेथचे यजमान," त्या म्हणाल्या. "आठवतं मला. खडे झाले होते. बसा."

मास्तर बसले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर विचारायचं सगळं लिहून आणलं होतं. ते वाचू लागले. साराचे डोळे, बाटली फळीवर, पडणं, खोकं. खोक्यापाशी ते थांबले.

लिडियाबाई हात पुसत उभ्याच राहिल्या.

"तिच्या पोटात दुखतं? उजवीकडं, बरगडीखाली?"

"नाही."

"जेवल्यावर पाठीत कळ? कधी कावीळ?"

"नाही. कधीच नाही."

"मग पथ्य कशाचं?"

"तिच्या आईचं," मास्तर म्हणाले, आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर त्यांना ते कसे ऐकू येतात ते कळलं.

लिडियाबाई खुर्चीत बसल्या. "मास्तर, खडे असले, कावीळ असली, खाल्लेलं तेल पचेनासं होऊन तसंच बाहेर पडत असलं, तर मी तेल-तूप बंद करते. गादीवर बसून तूप ओरपणाऱ्या सावकारालाही कमी कर म्हणते. पण वाळलेली पोर, पोटुशी बाई, अंगावर पाजणारी, हिला मी तूप सोड म्हटलं तर मला दवाखान्यातून हाकलून द्यायला हवं. डोळ्याला लागणारं सत्त्व लोण्यात असतं, माशाच्या तेलात असतं. भाजीत थोडंफार असतं तेसुद्धा तेलावाचून अंगी लागत नाही. तिनं पालेभाजी खाल्ली असेल, पण पाण्यात शिजवून."

"हो. पाण्यात."

"आणि पोटातलं मूल आईचंच ओढून घेतं. तिच्याकडं होतं काय?"

मास्तर वऱ्हांड्याच्या खांबाला धरून उभे होते. "तुम्ही म्हणाला होतात, सगळं बंद. मी उतरून घेतलं होतं."

"मी आणखीही एक म्हणाले होते. हे पथ्य हिचं, तुम्ही आणि मुलगी नेहमीसारखं खा, तिच्यासमोर मात्र खाऊ नका. प्रत्येकाला सांगते मी हे."

"मला... नाही आठवत."

"तुम्ही मान खाली घालून लिहीत होता. पहिलं लिहीत असाल तेव्हा मी दुसरं बोलून गेले असेन."

मग मास्तरांनी शेवटचा प्रश्न विचारला. तो कागदावर नव्हता.

"पण आईचं पुढं मुलीला आलं तर?"

"येईलही. मला खात्री देता येत नाही, मास्तर. खात्री हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडं जा. दुखलं तर तेव्हा बंद करू. आज तिचं दुखणं नेमकं उलटं आहे." त्यांनी भिंगांवरून पाहिलं. "तिथल्या बाईंनी योग्य तेच सांगितलंय. ती ऐकत का नाही?"

"तिनं मला शब्द दिलाय."

"मग तुम्ही तो परत करा," लिडियाबाई म्हणाल्या आणि आतल्या रोग्याकडं गेल्या.

*

मास्तर स्टेशनावर आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. त्यांनी ठरवलं होतं की बेलापूर रोडला जायचं, साराच्या खाटेशी बसायचं. पण फलाटावर सगळीकडं खाकी कपडेच होते. रणगाड्यांच्या छावणीतली एक तुकडी मनमाडकडं निघाली होती. ट्रंका, वळकट्या, बंदुका. तिकिटाच्या खिडकीला फळी लागली होती.

"मास्तर, आज न्हाई," फळीआडून बाबू म्हणाला. "मिलिटरी स्पेशलसारखीच भरलीय गाडी. उद्या सकाळी बघा."

उद्या. मास्तरांनी हा शब्द इतक्या वेळा स्वतःशी म्हटला होता, की दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना त्याची चीड आली. त्यांना चीड फार क्वचित येई. ती कुणावर काढायची हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

फलाटाच्या टोकाला एका मालाच्या पेटीवर ते बसले. कोटाच्या खिशात एक कोरं पाकीट होतं, काष्टीहून आणलेलं. शिसपेन्सिल होती. त्यांनी साराचंच पत्र उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर लिहायला सुरुवात केली.

"चि. सारा हीस बाबांचा आशीर्वाद. बाईंनी सांगितलं ते बरोबर आहे. परंतु"

पेन्सिल थांबली. त्यांना पिशवी दिसली, खडा दिसला, देवळात वाकून उठलेली एलिझाबेथ दिसली. पोटात दुखलं तर लगेच थांबव, तळलेलं फार नको, एकदम जास्त नको, हे लिहायला नको का? हे सगळं खरंच होतं. मग त्यांना वाटलं, हे सगळं वाचून सारा काय करील? ती बाटली फळीवरून काढील आणि पुन्हा ठेवील. ती त्यांचीच मुलगी होती.

त्यांनी 'परंतु' खोडला. एकदा खोडून तो वाचता येत होता, म्हणून पुन्हा पुन्हा खोडला, कागदाला भोक पडेस्तोवर. मग खाली लिहिलं:

"तूप खा. लोणी खा. माशाचं तेल रोज घे. ते पथ्य तुझ्या आईचं होतं, तुझं नव्हतं. चूक माझी. तू दिलेला शब्द मी परत केला. तू खोटी पडत नाहीस. मी येतो आहे. बाबा."

गाडी आली. शिपाई डब्यांच्या दारांत लोंबकळू लागले. एका दारातून कुणीतरी हसत ओरडलं, "म्हातारबाबा, तुम्हीबी लढाईला का?" मास्तरांनी ऐकलं नाही. ते धावत गाडीच्या टपालाच्या डब्यापाशी गेले. उशिराच्या टपालाचं जादा तिकीट लावून पत्र थेट गाडीतच टाकता येतं, हे ते वर्षानुवर्षं शाळेत शिकवत होते. स्वतः कधी टाकलं नव्हतं. त्यांनी तिकीट थुंकीनं चिकटवलं.

डब्याच्या अंगाला पितळेची एक फट होती. माणसाला जागा नव्हती, पण पत्राला होती. मास्तरांनी पाकीट फटीत धरलं आणि क्षणभर सोडेनात. पत्त्यावर 'सारा' बरोबर लिहिलंय ना, डेव्हिडचं नाव बरोबर आहे ना, हे पाहायचा मोह झाला. शिट्टी झाली. त्यांनी बोटं उघडली.

गाडी हलली. फलाटावर पोर्टर कंदील लावत फिरत होता. दिवेलागणीची वेळ झाली होती. तिकडं या वेळी साराला भिंतही दिसत नसेल. पत्र उद्या तिच्या हाती पडेल. उजेडात पडेल, हे बरं. उजेडातच तिला वाचता येईल.